सिस्टरांचं माप

मोठ्या सिस्टर आज धडधाकट आहेत, वॉर्डात सगळ्यांना सळो की पळो करून सोडतात, आणि याचं श्रेय एका शिंप्याचं आहे. डॉक्टरांचा नंबर त्यानंतर, प्रयोगशाळेचा त्याहून नंतर, आणि सिस्टरांच्या स्वतःच्या अडतीस वर्षांच्या नोकरीचा तर नंबरच लागत नाही. ही इकडची तिकडची ऐकीव गोष्ट नाही. सिस्टर स्वतःच सांगतात, कोणी विचारो न विचारो, समोरच्याला स्टुलावर बसवून अगदी पहिल्यापासून सांगतात.

पहिल्यापासून म्हणजे लेबलापासून. औषध देण्याआधी लेबल तीनदा वाचायचं, असा नर्सिंगचा जुना नियम आहे. कपाटातून काढताना एकदा, डोस काढताना एकदा आणि बाटली परत ठेवताना एकदा. शिकताना सगळ्याच जणी हा नियम पाठ करतात आणि वर्षभरात सोयीने विसरतात. सिस्टर विसरल्या नाहीत. त्या मोठ्याने वाचायच्या, पेशंटला ऐकू जाईल असं, बोट ठेवून. मुदतीच्या तारखेची शाई जरा पुसट दिसली म्हणून अख्खं खोकं परत पाठवणारी बाई ती. नव्या मुली पाठीमागे त्यांना लेबलबाई म्हणत. हे सिस्टरांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. घरी मिठाच्या बरणीवरसुद्धा चिठ्ठी चिकटवलेली. त्यांचे यजमान म्हणायचे, "माझ्यावरही एक चिकटव, म्हणजे मुदत कधी संपते ते मला तरी कळेल."

अशा बाईला लेबलाने फसवावं, यासारखी चेष्टा नाही.

झालं असं की अडीच वर्षांपूर्वी सिस्टरांचे गुडघे बोलायला लागले. दिवसभर वॉर्डात उभं राहायचं, जिने चढायचे, गादीवरचा माणूस उचलून बसवायचा, आणि निवृत्तीला तीन वर्षं बाकी. दवाखान्यातल्या गोळीने पोटात जळजळ व्हायची. तेव्हा त्यांची वहिनी, म्हणजे थोरल्या भावाची बायको, एक हिरवा डबा घेऊन आली. वहिनीची पाठदुखी त्या डब्यातल्या कॅप्सूलनी जादू झाल्यासारखी थांबली होती. वहिनीचा स्वभाव असा, की स्वतःला गुण आला की जगाला वाटून मोकळी. "ताई, घेऊन तर बघा," ती म्हणाली. "झाडपाल्याचं आहे. बरं नाही वाटलं तर नाही, वाईट तर काही होणार नाही ना?"

सिस्टरांनी लेबल वाचलं. एकदा, दोनदा, तीनदा. चौदा वनस्पतींची नावं होती, प्रत्येकीचं वजन होतं, बॅच नंबर होता, बनवल्याची तारीख होती, मुदतीची होती. "रसायनविरहित" असं ठळक अक्षरात होतं. वर पानं तर अशी टवटवीत काढलेली, की पाणी घालावंसं वाटावं. खोट काढण्यात ज्यांचा हात कोणी धरला नसता, त्या सिस्टरांना त्या डब्यावर एकही खोट सापडली नाही. छापलेलं सगळं त्यांनी वाचलं. जे छापलंच नव्हतं ते वाचायचं कसं, हे मात्र नर्सिंगच्या कुठल्याच नियमात सांगितलेलं नाही.

आठ दिवसांत गुडघे गप्प बसले. सिस्टर जिने चढू लागल्या, वॉर्डाच्या दोन फेऱ्या जास्त मारू लागल्या. दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ एकेक कॅप्सूल. चेहरा भरला, गाल वर आले. जो तो म्हणे, सिस्टर, तब्येत सुधारली हं. मग साखर थोडी वर गेली. वयाचं आहे म्हणून त्यांनी चहा बिनसाखरेचा केला. रक्तदाब वर गेला, त्याची गोळी सुरू झाली. हातावर निळे डाग उठायला लागले, तेव्हा यजमानांनी विचारलं. त्यांनी सांगितलं की पलंगाच्या दांड्या लागतात. दिसत सगळं होतं. पण रोज बघणाऱ्याला रोजचं माणूस दिसत नाही, आणि सिस्टरांना तर सगळे रोजच बघत होते.

आणि मग डबा संपला. दुकानदार म्हणाला, पंधरा दिवस थांबा, माल येतोय. पंधरा दिवसांचं काय एवढं, असं म्हणून सिस्टर थांबल्या. दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं. तिसऱ्या दिवशी सकाळी उलटी झाली, पायांत बळ राहिलं नाही. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की पोट बिघडलंय, एक दिवस हलकं खाल्लं की झालं. नेमका तोच त्यांचा मापाचा दिवस होता.

दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एक शिंप्याचं दुकान आहे. वर्षातून एकदा दवाखाना गणवेशाचं कापड देतो आणि सगळ्या नर्सेसचे कोट-पँट तिथे शिवले जातात. अरुंद, लांबट खोली, दोन मशीन, एक मोठं टेबल, टेबलावर खाली लोंबणारा दिवा, खडूची पूड, गरम इस्त्रीचा वास. मधोमध एक पडदा. पडद्याच्या अलीकडे शिंप्याची बायको, सगळ्यांच्या काकू, माप घ्यायच्या आणि आकडे मोठ्याने सांगायच्या. पलीकडे शिंपीकाका पाठ करून बसायचे आणि वहीत लिहायचे. काका उत्तम कटर, पण माप देणाऱ्या बाईकडे बघायचं नाही हा त्यांचा दंडक. बावीस वर्षं सिस्टर तिथे जात होत्या, आणि काकांना त्यांचा आवाज माहीत होता, चपलांचा आवाज माहीत होता, खांद्याची रुंदी माहीत होती, पण तोंड धड पाहिलेलं नव्हतं.

काकांची आणखी एक खोड होती. नवं माप लिहिताना ते जुनी वही काढून गेल्या वर्षीचं माप शेजारी ठेवायचे आणि आकड्याला आकडा लावून बघायचे. बाकीचे शिंपी हसायचे. माणूस बदलतं, कापड नवं असतं, जुन्या मापाची काय पूजा करायचीय? काका मान खाली घालून आकडे लावत राहायचे.

तर त्या दिवशी काकूंनी टेप लावली. खांदा सांगितला, छाती सांगितली. कंबर एकोणचाळीस. पडद्यापलीकडे पेन्सिल थांबली. गेल्या वर्षी चौतीस होती. असो, माणूस जाड होतं. मग काकूंनी दंडाला टेप गुंडाळली आणि म्हणाल्या, साडेअकरा.

"पुन्हा घे," पलीकडून काका म्हणाले.

काकूंनी पुन्हा घेतलं, पुन्हा साडेअकराच. काका म्हणाले, गेल्या वर्षी तेरा आहे, नीट बघ. काकू तडकल्या. माझे डोळे अजून शाबूत आहेत, तुमचीच वही चुकली असेल, गेल्या वर्षी तुमचा चष्मा फुटलेला होता. काका म्हणाले, चष्मा फुटला होता, अक्कल नाही. सिस्टर मधे उभ्या, हात वर केलेला, आणि पोटात ढवळत होतं. एरवी त्यांना या दोघांच्या भांडणाची फार गंमत वाटायची. त्या दिवशी कधी एकदा बसते असं झालं होतं.

मग काकूंनी मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत टेप सोडली. पाठ. आकडा वाचला आणि त्या स्वतःच थबकल्या. सव्वासोळा.

"साडेपंधरा होती," काका हळू आवाजात म्हणाले. "साठीला आलेल्या माणसाची पाठ आखडते. लांबते कशी?"

काकूंनी सिस्टरांच्या मानेखाली बोटं फिरवली. तिथे चांगला मुठीएवढा मऊ गोळा होता. त्यावरून वळसा घेऊन टेप जात होती, म्हणून पाठ लांबली होती. काकूंनी तसं सांगितलं. पडद्यापलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा काका पडदा बाजूला करून बाहेर आले. त्यांनी सिस्टरांच्या तोंडाकडे सरळ बघितलं, मग हातांवरच्या निळ्या डागांकडे.

"सिस्टर, तुम्ही कसली गोळी घेता?"

सिस्टरांनी सांगितलं, रक्तदाबाची एक, बाकी काही नाही. गुडघ्यांसाठी आपलं झाडपाल्याचं घ्यायच्या, तेही तीन दिवसांपूर्वी संपलं. हे ऐकलं आणि काकांचा चेहरा उतरला. ते टेबलाला धरून उभे राहिले. मग फडताळातून एक खूप जुनी वही काढून त्यांनी सिस्टरांपुढे उघडली. पानावर एका पुरुषाच्या कोटाची दोन मापं होती, वर्षाच्या अंतराने. कंबर वाढलेली. दंड उतरलेला. पाठ लांबलेली.

ते माप काकांच्या थोरल्या भावाचं होतं. त्याला दम्याचा त्रास होता आणि कुणाकडून तरी तो जडीबुटीची पावडर आणायचा. पावडरीने दमा पळाला, तोंड गोल झालं. माप घेताना काकांनी त्याची थट्टा केली होती, की पोट शेटजीचं आणि दंड कारकुनाचा. पुढे एका डॉक्टरने त्याला बघून सांगितलं, या पावडरीत स्टेरॉइड मिसळलेलं दिसतंय. एवढं म्हणून काका थांबले. पुढचं काकूंनी सांगितलं. थोरल्या दिरांनी रागाच्या भरात सगळी पावडर मोरीत ओतली आणि पाचव्या दिवशी ते गेले. अंगाला ते औषध बाहेरून मिळत होतं, म्हणून आतलं बनणं बंद पडलं होतं. बाहेरचं एकदम थांबलं, आतलं जागं नव्हतं. हे सगळं डॉक्टरांनी समजावलं ते नंतर. काकू बोलत होत्या तेवढा वेळ काका वहीकडे बघत होते.

"तुमचा आज तिसरा दिवस आहे," काका म्हणाले. "आत्ता जा, सिस्टर. माप नंतर."

आता कोणीही शहाणा माणूस उठून गेला असता. सिस्टर चिडल्या. डोक्यात एकच आलं, की शिंप्याने मला औषध शिकवावं? मी लेबल वाचलंय, तीनदा वाचलंय, त्यात असलं काही नाही, असं त्यांनी ऐकवलं आणि पिशवी उचलून निघाल्या. काका दाराशी येऊन म्हणाले, "मीही वाचलं होतं, सिस्टर. त्याच्याही डब्यावर नव्हतं लिहिलेलं."

गल्ली जेमतेम दोनशे पावलांची. ती चढताना सिस्टर दोनदा भिंतीला टेकल्या. वॉर्डात येऊन त्यांनी रक्तदाबाचं यंत्र ओढलं आणि स्वतःच स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला. पट्टा गुंडाळला तर दोन बोटं जास्त आत गेला. आकडा आला ब्याऐंशी-पन्नास, तोही वर असतो म्हणून रोज गोळी खाणाऱ्या बाईचा. त्यांनी नियमाप्रमाणे तीनदा बघितला. तिन्ही वेळा तेच.

मग त्या स्टुलावर बसल्या आणि सगळं एकदम लख्ख दिसलं. गोल चेहरा, मोठं पोट, बारीक हात, मानेखालचा गोळा, निळे डाग, वाढलेली साखर. स्टेरॉइड घेणारे असे पेशंट त्यांनी शेकड्यांनी पाहिले होते. प्रत्येकाला घरी पाठवताना बजावलं होतं, की ही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, एका दिवसाचाही खाडा नको. तेच सगळं रोज सकाळी आरशात समोर उभं होतं. पण डब्यावर झाडपाला लिहिलेलं होतं, म्हणून त्यांनी आरशावर विश्वास ठेवला नव्हता. अडतीस वर्षांत त्या पहिल्यांदा स्वतःसाठी घाबरल्या.

वॉर्डाच्या डॉक्टरांना सिस्टरांनीच कधीकाळी अक्षर सुधारायला लावलं होतं. त्यांच्या टेबलापाशी जाऊन सिस्टर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला शिंप्याने पाठवलंय." डॉक्टरांना वाटलं थट्टा आहे. कॅप्सूलचं आणि रक्तदाबाचं सांगेपर्यंत सिस्टरांनी खुर्चीचा हात धरला होता, आणि त्यानंतर कोणाला थट्टा वाटली नाही. दहा मिनिटांत त्या त्यांच्याच वॉर्डातल्या पलंगावर होत्या, हातात सलाइन. एक नवी मुलगी इंजेक्शन घेऊन आली. सिस्टर पडल्या पडल्या म्हणाल्या, लेबल दाखव. मुलीने बाटली त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. बोट ठेवून त्यांनी नाव वाचलं. दोन वर्षं जे नाव लपवून त्यांच्या अंगात जात होतं, ते आज उघड लिहिलेलं होतं. वाचता वाचता त्यांना रडू फुटलं. मुलगी बिचारी भांबावली. तिला वाटलं सुई दुखली.

संध्याकाळपर्यंत रक्तदाब वर आला. यजमान आले, हात धरून बसले, चिठ्ठी चिकटवण्याचा विनोद काही त्यांना सुचला नाही. त्यांनीच वहिनीला कळवलं. पाच मिनिटांत वहिनीचा फोन, आणि फोनवर नुसतं रडणं. ताई, मी तुम्हाला विष आणून दिलं, माझ्याकडे अर्धा डबा आहे, हा बघा आत्ताच्या आत्ता कचऱ्यात टाकते.

सिस्टर पलंगावर ताडकन उठून बसल्या. सलाइनची नळी ताणली गेली.

"वहिनी, टाकू नकोस. एकही कॅप्सूल चुकवू नकोस. डबा हातात घे आणि इकडे ये."

वहिनीला काही उमजेना. जे विष आहे तेच घ्या म्हणतात, तापात बरळतात की काय. सिस्टरांनी तिला तीनदा समजावलं, चौथ्यांदा दटावलं. मग विचारलं, आणखी कोणाकोणाला दिलास? वहिनीने नावं मोजली. तिच्या व्यायामाच्या वर्गातल्या अकरा जणी आणि त्यातल्या एकीचा नवरा. सिस्टरांनी डोळे मिटले. हे बाराही जण उद्या ही बातमी ऐकणार आणि बाराही जण शहाण्यासारखे डबे फेकून देणार. मघाशी स्टुलावर सगळं लख्ख दिसलं तेव्हा त्यांचं जे झालं होतं, तेच पुन्हा झालं, बारा पटीने.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती सगळी माणसं एकेक करून वॉर्डात आली, प्रत्येकाच्या हातात हिरवा डबा. शाळेत पाटी घेऊन यावं तशी रांगेत बसली. डॉक्टरांनी प्रत्येकाला तपासलं, उघड नावाची गोळी दिली, कधी किती कमी करायची ते कागदावर लिहून दिलं, आणि अक्षर चांगलं काढलं. वहिनी सगळ्यांना पाणी देत फिरत होती आणि अधूनमधून सिस्टरांचे पाय दाबत होती. सिस्टरांनी तिला जवळ बसवलं. म्हणाल्या, तू मायेने आणलंस, फसवलं दुसऱ्यांनी, आणि काल रात्री माझं ऐकलंस हे तुझे उपकार. वहिनी पुन्हा रडली. रडण्यात ती कधी कंटाळत नाही.

प्रयोगशाळेचा अहवाल नऊ दिवसांनी आला. कॅप्सूलमध्ये एक स्टेरॉइड होतं, एक दुखणं मारणारं औषध होतं, आणि लेबलावरच्या चौदा वनस्पतींपैकी फक्त तिघींचा मागमूस लागला. डब्यावरच्या पत्त्यावर तपासणीची माणसं गेली तर तिथे तसला कारखाना कधी नव्हताच. दुकानदाराचं पुढे जे व्हायचं ते होईल, त्यात सिस्टरांनी फार जीव गुंतवला नाही. त्यांना वेगळंच वेड लागलं होतं. जो दिसेल त्याचे आभार मानायच्या. इंजेक्शन देणाऱ्या मुलीचे, डॉक्टरांचे, यजमानांचे, सलाइनचा खांब ढकलत आणणाऱ्या मावशींचे. गुडघे पुन्हा दुखायला लागले, तर म्हणाल्या, दुखू देत, निदान खरं दुखतंय. नव्या मुलींना वाटलं लेबलबाईंना काहीतरी झालंय.

काकू दोनदा भेटून गेल्या. काका आले नाहीत. भाऊ गेल्यापासून त्यांनी दवाखान्याची पायरी चढलेली नाही, असं काकू म्हणाल्या.

पाच महिने गोळी हळूहळू उतरत गेली. मग एके सकाळी सिस्टरांचं रक्त तपासलं, आणि डॉक्टर कागद हातात घेऊन स्वतः वॉर्डात आले. आतलं जागं झालं होतं. अंग स्वतःचं स्वतः बनवू लागलं होतं. सिस्टर त्या कागदासकट थेट मागच्या गल्लीत गेल्या.

दुकानात काकू बटणं लावत होत्या. पडदा ओढलेला होता, पलीकडे काकांच्या कात्रीचा आवाज. सिस्टर स्टुलावर बसल्या आणि पडद्याकडे तोंड करून बोलू लागल्या. घरून निघताना काय काय ठरवलं होतं, सगळं विसरल्या. कागदात काय लिहिलंय ते सांगितलं, वहिनी धरून तेरा जणांची ख्यालीखुशाली सांगितली, आणि शेवटी म्हणाल्या, "काका, त्या दिवशी मी तुमच्यावर चिडून गेले. मी आज आहे ती तुमच्यामुळे आहे."

कात्री थांबली.

"सिस्टर, एक विचारतो. खरं सांगायचं."

"विचारा."

"दादालाही असंच सलाइन लावलं असतं, गोळी अशी हळूहळू उतरवली असती, तर तो राहिला असता?"

पेशंटच्या नातेवाइकांना काय सांगायचं, कसं सांगायचं, याच्या शंभर तऱ्हा सिस्टरांना येत होत्या. त्यातली एकही त्यांनी काढली नाही. "हो काका," त्या म्हणाल्या. "बहुतेक राहिले असते."

"पावडर त्याने नाही ओतली," काका पलीकडून म्हणाले. "मी ओतली. तो नको म्हणत होता. दम लागेल म्हणत होता. मी त्याच्या हातातून डबा ओढून घेतला. मला वाटलं, मी त्याला वाचवतोय."

काकूंच्या हातातली सुई तशीच राहिली. इतकी वर्षं संसार केला, इतक्या लोकांना त्यांनी दिरांच्या रागाची गोष्ट सांगितली, आणि शेजारी बसून हा माणूस ती ऐकत आला होता.

सिस्टरांना पडदा सारून आत जावंसं वाटलं. त्या गेल्या नाहीत. जागेवरूनच, पेशंटला ऐकू जाईल अशा त्या मोठ्या, सावकाश आवाजात बोलल्या. "काका, माझी वहिनी कचऱ्याच्या डब्यापाशी उभी होती. मी तिला थांबवू शकले, कारण तुम्ही मला आत्ताच्या आत्ता जा म्हणालात. तेरा जण डबे हातात घेऊन आले. एकानेही फेकला नाही. मला हे सगळं पुस्तकातून शिकवलेलं होतं, आणि स्वतःवर पाळी आली तेव्हा मला आठवलं नाही. तुम्हाला आठवलं. तुमच्या दादांचे आमच्यावर उपकार आहेत, आणि तुमचेही तेवढेच आहेत."

पलीकडून म्हातारा माणूस रडायचा सराव नसताना रडतो तसा आवाज आला. काकूंनी मांडीवरचा शर्ट उचलून सिस्टरांच्या हातात दिला, पडदा सारला, आत गेल्या आणि तो पाठीमागे नीट ओढून घेतला.

सिस्टरांनी शर्ट बघितला. तीन बटणं लागली होती, चार राहिली होती. त्यांनी सुई उचलली. टाके घालण्यात त्यांचाही हात चांगला होता, माणसाला घालोत की कापडाला. त्यांनी चौथं बटण लावायला घेतलं. एवढ्यात एक गिऱ्हाईक दारात आलं आणि काका आहेत का, पँट द्यायची होती, असं विचारू लागलं.

"आहेत," सिस्टर मान वर न करता म्हणाल्या. "आत्ता त्यांना भेटता येणार नाही. तिथे बसा."

गिऱ्हाईक मुकाट्याने बसलं.